वसईची सालं आणि कापरेकरांचा ६१७४

चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला ते साल १७३९. त्यातले अंक उतरत्या क्रमाने मांडा: ९७३१. मग चढत्या क्रमाने: १३७९. मोठीतून लहान संख्या वजा केली की ८३५२. या उत्तरालाही तेच लावा: ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता ६१७४ घ्या. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४च! इथून पुढे कितीही वजाबाक्या करा, संख्या हलत नाही.

आता १५३४ घेऊ. त्या साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. इथे वाट लांबते: ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. मध्ये शून्य आलं तर टाकून द्यायचं नाही. ८६४० मधून ०४६८ वजा करायचे. सातपेक्षा जास्त वजाबाक्या कोणत्याच चार अंकी संख्येला लागत नाहीत. फक्त चारही अंक सारखे नकोत, कारण मग पहिल्याच फटक्यात शून्य येतं.

हे शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आपल्याच पालघर जिल्ह्यातले. जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मास्तरकी केली. हा शोध १९४९ चा. पण जगभर नाव झालं ते १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर. उशीरच झाला म्हणायचा.

ब्रिटनच्या चॅनेल फोरवर १९८२ पासून 'काउंटडाउन' हा शब्द-आकड्यांचा खेळ चालू आहे. त्यात सहा आकडे आणि एक तीन अंकी लक्ष्य मिळतं, आणि तिथवरची वाट तीस सेकंदांत शोधायची असते. कापरेकरांच्या खेळात वाट ठरलेली, मुक्कामही ठरलेला. शोधायचं ते कारण, आणि मला तोच खेळ जास्त आवडतो.

कारण असं. सर्वांत मोठा अंक एका संख्येत हजाराच्या घरात, दुसरीत एककाच्या. सर्वांत लहान अंकाचं नेमकं उलट. म्हणून या दोघांतल्या फरकाला ९९९ ने गुणायचं. मधले दोन अंक शतक आणि दशकाची घरं बदलतात, त्यांच्या फरकाला ९० ने. दोन्हींची बेरीज म्हणजे उत्तर. १७३९ मध्ये हे फरक ८ आणि ४: ७९९२ अधिक ३६०, म्हणजे ८३५२.

पहिला फरक १ ते ९ असू शकतो आणि दुसरा त्याहून मोठा कधीच नसतो. अशा जोड्या होतात फक्त ५४. म्हणजे ८,९९१ संख्यांपैकी कुठलीही घ्या, पहिल्या वजाबाकीनंतर ती या ५४ पैकी एक होते. तेवढ्या तर कागदावर एकेक करून तपासता येतात.

तीन अंकांना हाच खेळ लावला तर ४९५ येतं, आणि तिथे मधला अंक काहीच काम करत नाही. का, ते तुम्हीच शोधून पाहा.