लंडनचे वार्तापत्र : मीटरवरचे वीस पेन्स

इस्लापूरच्या स्टँडवरून किनवटकडे निघणाऱ्या जीपमध्ये भाड्याचा हिशेब गाडी हलण्याआधीच झालेला असतो. सीटमागे अमुक रुपये. वाटेत रस्ता खोदलेला असो की गाडी कुणासाठी दहा मिनिटे खोळंबो, रक्कम तीच. बदलते ती फक्त सीटची रुंदी; चौघांच्या बाकावर सहावा कसा मावतो हे आपल्या भागातल्या ड्रायव्हरांकडून शिकावे. पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा बघायला 'स्पेशल' गाडी करायची म्हटली, तर ड्रायव्हर सगळ्या सीटांचे पैसे जोडून आकडा सांगतो, आपण त्यातले शंभर-दोनशे कमी करायला लावतो, आणि आपणच जिंकलो अशा समजुतीत दोघेही निघतात.

लंडनच्या काळ्या टॅक्सीत सगळे याच्या उलट. बसताना भाडे किती होणार हे ड्रायव्हरलाही नेमके ठाऊक नसते. एकटे बसा की पाच जण बसा, रक्कम एकच; माणसागणिक जादा नाही, बॅगेचे वेगळे नाही. घासाघीस नावालाही नाही. शहराच्या हद्दीतल्या प्रवासात मीटर दाखवेल त्यापेक्षा एक पेनी जास्त मागण्याचा ड्रायव्हरला हक्क नाही, कमी घेतले तर कुणाची हरकत नाही. मुक्काम हद्दीबाहेरचा असेल तरच आधी बोलून भाडे ठरवता येते. आपल्याकडच्या पाहुण्यांना इथे पहिल्यांदा टॅक्सीत बसवले की ते खिडकीबाहेरचे थेम्स नदीवरचे पूल सोडून त्या लाल आकड्याकडेच बघत राहतात. गाडी सिग्नलला उभी असताना आकडा वाढला की मग प्रश्न येतो: "अहो, गाडी तर उभी आहे, पैसे कशाचे वाढले?"

प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर या यंत्राच्या पोटात आहे.

टॅक्सीचे मीटर दोनच गोष्टी मोजते. चाक किती फिरले आणि वेळ किती गेला. त्याला नकाशा कळत नाही, रस्त्याचे नाव कळत नाही. गाडीच्या गिअरबॉक्समधून किंवा चाकाजवळच्या सेन्सरमधून विजेचे ठोके येत असतात. ठरावीक अंतराला ठरावीक ठोके. समजा एका गाडीत किलोमीटरला 4000 ठोके पडतात, तर हा 4000 चा आकडा त्या गाडीपुरता मीटरमध्ये भरून ठेवलेला असतो. सगळे अंतर त्या एका आकड्यावर उभे असते. वेळेसाठी आत घड्याळाचा स्फटिक असतो, हातातल्या क्वार्ट्झ घड्याळात असतो तसाच.

आता भाडे. बसल्याबरोबर किमान रक्कम दिसते. 2022 च्या एप्रिलपासून ती 3 पौंड 80 पेन्स होती, 2025 च्या एप्रिलमध्ये 4 पौंड 20 पेन्स झाली. तेवढ्यात काही मीटर अंतर किंवा काही सेकंद मिळतात. ते संपले की आकडा वीस-वीस पेन्सांनी चढू लागतो. किमान भाडे 3 पौंड होते त्या काळच्या दिवसाच्या तक्त्यात दर 117 मीटरला किंवा दर 25 सेकंदांना, जे आधी पुरे होईल त्याला, वीस पेन्स अशी रीत होती. दर वाढले की हे मीटर आणि सेकंद कमी होत जातात, पायरी मात्र वीस पेन्सांचीच राहते. म्हणजे इथे भाडेवाढ झाली तर उडी मोठी होत नाही, उड्या लवकर लवकर पडतात. (रस्त्यावरच्या पाट्या अजून मैलात आहेत आणि टॅक्सीचा सरकारी तक्ता मीटरमध्ये, हा इंग्रजी स्वभावाचा आणखी एक नमुना.)

117 मीटरला 25 सेकंदांनी भागा. गाडी ताशी 17 किलोमीटरच्या आसपास धावत असेल तर अंतर आणि वेळ बरोबरीने पुरे होतात. त्याहून जोरात गाडी असली की अंतर आधी भरते, मीटर चाकाचे ऐकते. त्याहून हळू झाली की सेकंद आधी भरतात, मीटर घड्याळाचे ऐकते. उभ्या गाडीत आकडा का वाढला, त्याचे हे उत्तर. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या बाजूला संध्याकाळी गाडी फसली तर प्रवासी अंतराचे नव्हे, ड्रायव्हरच्या वेळेचे पैसे देत असतो. युरोपातल्या नियमांत याशिवाय दुसरीही एक रीत मान्य आहे: त्यात अंतर आणि वेळ दोन्ही पूर्ण प्रवासभर एकदम मोजले जातात आणि दोन्हींची बेरीज होते. कोणती रीत लावायची ते त्या त्या शहराने ठरवायचे. आपल्या जीपवाल्याने इतक्या वर्षांत रेल्वे फाटकावर थांबल्याचे पैसे कधी मागितले नाहीत, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

मीटरच्या कोपऱ्यात एक छोटा आकडा असतो, 1, 2 किंवा 3. पाहुण्यांचे त्याच्याकडे लक्षच जात नाही, आणि खरे तर आधी तोच बघायला हवा. सोमवार ते शुक्रवार पहाटे पाच ते रात्री आठ हा पहिला दर. त्याच दिवशी रात्री आठ ते दहा, आणि शनिवार-रविवारी पहाटे पाच ते रात्री दहा हा दुसरा. रात्री दहा ते पहाटे पाच आणि सरकारी सुट्ट्यांना तिसरा, सगळ्यात महाग. दर बदलण्याची वेळ मीटरमध्येच भरलेली असते. लांबच्या प्रवासात आणखी एक गंमत होते. साधारण सहा मैलांनंतर मीटर जास्त वेगाने चढू लागते. आपल्याला वाटते की लांबच्या प्रवाशाला काही सूट मिळावी, इथे लांबच्याकडून जास्त घेतात, कारण ड्रायव्हरला परतताना गाडी रिकामी आणावी लागते. हा हिशेब मात्र आपल्या 'स्पेशल'वाल्यालाही पाठ आहे: "साहेब, येताना मोकळंच यावं लागतं."

हे दर ठरवते लंडनची वाहतूक संस्था, ट्रान्सपोर्ट फॉर लंडन. त्यासाठी खर्चाचा एक निर्देशांक आहे. त्यात गाडीची किंमत, इंधन, विमा, दुरुस्ती, आणि इथल्या लोकांची सरासरी कमाई धरतात. दर ठरले की प्रत्येक मीटरमध्ये नवा तक्ता भरायचा आणि मीटर पुन्हा सील करायचे.

सील हा शब्द इस्लापूर-किनवटच्या कापूस उत्पादकाला समजावून सांगावा लागणार नाही. कापसाची गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याचा जीव त्या आकड्यात अडकलेला असतो, आणि काट्यावर वैध मापन विभागाचा शिक्का आहे का हे जाणता शेतकरी बघतो. टॅक्सीचे मीटर हे त्याच जातीचे यंत्र. आपल्याकडेही वाण्याचा तराजू, पेट्रोल पंप आणि टॅक्सीचे मीटर एकाच विभागाच्या अखत्यारीत येतात. ब्रिटनमध्ये युरोपीय संघाच्या काळात आलेले मोजमापाचे नियम अजून जवळपास तसेच चालतात. त्यानुसार मीटरची स्वतःची चूक वेळेत हजारात एक आणि अंतरात हजारात दोन याच्यापुढे जाता कामा नये. मीटर भाड्यासाठी मोकळे आहे, भाड्यावर आहे, की प्रवास संपून पैसे देण्याची वेळ झाली आहे, या तीन अवस्था वेगळ्या दिसल्या पाहिजेत, हेही त्यातच येते. तिसऱ्या अवस्थेत वेळेचे पैसे मोजणे थांबते, म्हणजे तुम्ही खिसे चाचपत असताना आकडा पुढे जात नाही. ही सोय ज्याने नियमात घातली त्याने नक्कीच कधीतरी चिल्लर शोधली असणार.

पण यंत्र कितीही चोख असले तरी त्याचा सगळा भरवसा टायरवर असतो, हे मला इथे येईपर्यंत सुचले नव्हते. टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो, एका किलोमीटरला चाक जास्त वेळा फिरते, ठोके जास्त पडतात, भाडे किंचित वाढते. त्यात लबाडी कुणाचीच नाही. लहान मापाचे टायर मुद्दाम बसवले, किंवा 4000 ठोक्यांच्या गाडीत 3900 चा आकडा भरला, तर ती लबाडी. मग मीटर 975 मीटरलाच किलोमीटर झाला असे धरते. प्रवाशाला हे डोळ्यांनी कळणे शक्य नाही. म्हणून सील, म्हणून ठरावीक काळाने तपासणी.

मीटर रस्त्याची लांबी मोजते, पण रस्ता निवडत नाही. लांबच्या वाटेने नेले तरी मीटर आपले इमानदारीने मोजतच राहील. त्यावरचा इलाज लंडनने यंत्रात नव्हे, माणसात शोधला. 1865 पासून इथे टॅक्सी चालवायची तर आधी एक परीक्षा द्यावी लागते. तिला नुसते 'नॉलेज' म्हणतात. चॅरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे 25,000 रस्ते तोंडपाठ. कुठून कुठे सांगितले की जवळचा रस्ता वळणावळणासह म्हणून दाखवायचा. बहुतेकांची त्यात काही वर्षे जातात. सकाळी मोपेडवर नकाशा लावून गल्ल्या पालथ्या घालणारी मुले दिसतात ती हीच. माझ्या मते लंडनच्या टॅक्सीवरचा विश्वास निम्मा मीटरवर आहे, निम्मा या पाठांतरावर.

हे यंत्र मुळात जर्मनीचे. फ्रिडरिश विल्हेल्म गुस्ताव ब्रून यांनी 1891 मध्ये टॅक्सीमीटर बनवले. 1897 मध्ये श्टुटगार्टमध्ये ते डायमलरच्या मोटारीवर चढले. लंडनमध्ये 1907 च्या कायद्याने त्याला जागा मिळाली.

एकविसाव्या शतकात याच मीटरवरून इथे मोठा कज्जा झाला. लंडनच्या कायद्यानुसार मीटर बसवण्याचा हक्क फक्त काळ्या टॅक्सीला. आधी बुकिंग करून येणाऱ्या खासगी गाड्यांना 1998 च्या कायद्याने मीटरची बंदी आहे. मग उबर आली. तेव्हा ड्रायव्हरच्या फोनवरून अंतर आणि वेळ जात, आणि त्यावरून भाडे निघे. टॅक्सीवाले म्हणाले, हे मीटरच नव्हे तर काय? प्रकरण उच्च न्यायालयात गेले. 16 ऑक्टोबर 2015 ला न्यायमूर्ती ऊझली यांनी निकाल दिला की ड्रायव्हरचा स्मार्टफोन म्हणजे टॅक्सीमीटर नव्हे. फोन फक्त माहिती पाठवतो, हिशेब गाडीबाहेरच्या सर्व्हरवर होतो आणि आकडा परत येतो. म्हणून गाडीत मीटर बसवलेले नाही.

कायद्याच्या भाषेत निकाल बिनचूक असेल. मला त्यातली दुसरी बाजू खटकते. मीटर गाडीत, डोळ्यासमोर. त्याचा तक्ता छापील, सरकारी. त्यावर निरीक्षकाचे सील. सर्व्हरवरच्या हिशेबाला सील कुठे आणि कसे लावणार? ॲपमध्ये भाडे आधीच कळते, ही मोठी सोय आहे, आणि लंडनमध्ये राहणारी आपली मंडळी काळ्या टॅक्सीपेक्षा ॲपवाल्या गाड्याच जास्त वापरतात, कारण त्या बहुधा स्वस्त पडतात. पण पाऊस पडला, सामना सुटला, की तोच रस्ता दुपटीने महाग का होतो, हे विचारायला समोर कुणी नसते. ड्रायव्हरलाही ते माहीत नसते. इस्लापूरच्या जीपवाल्याशी निदान भांडता तरी येते.

भारतात केंद्र सरकारने जुलै 2025 च्या मार्गदर्शक सूचनांत ॲपवाल्या गाड्यांना गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत जाण्याची मुभा दिली आहे. आधीची मर्यादा दीडपट होती. मूळ भाडे राज्याने ठरवायचे आहे. म्हणजे मीटरचा तक्ता आणि ॲपचा हिशेब यांचे नाते आपल्याकडे आता नव्याने जुळते आहे, आणि महाराष्ट्रात ते कसे जुळते याकडे नांदेडपासून मुंबईपर्यंत सगळ्यांनीच लक्ष ठेवायला हवे.

मुंबईचे जुने मीटर आमच्या पिढीने पाहिले आहे. पितळी-लोखंडी डबा, झेंड्यासारखा दांडा, आत गिअर. त्यात दिसणारा रुपया हा खरा रुपया नसायचा. मीटरमध्ये 1 आला की ड्रायव्हर खिशातले कार्ड काढायचा आणि त्यावरून खरे भाडे सांगायचा. गावाकडून गेलेल्या माणसाला दादरला उतरल्यावर पहिला ठसका त्या कार्डाचाच बसे. 2012 च्या सुमारास राज्याने इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे केले आणि आकडा थेट दिसू लागला. दरवाढ झाली की मीटर पुन्हा जुळवून घ्यावे लागते. ते होईपर्यंत अधिकृत कार्ड पुन्हा बाहेर येते. जुन्याचा तेवढा अंश उरला आहे.

इथून सुट्टीवर येणाऱ्यांना आणि इस्लापूरहून मुंबईला जाणाऱ्यांना म्हणून एवढेच सांगतो. 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे 31 रुपये आणि रिक्षाचे 26 रुपये आहे. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत त्यावर पंचवीस टक्के. दिवसा गाडीत बसल्यावर मीटर पडल्याबरोबर हेच आकडे दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर कार्ड मागा, आणि कार्ड नसेल तर गाडी हलण्याआधी उतरा.