गॅमा किरण स्फोटाची उत्तरदीप्ती

गॅमा किरण स्फोटानंतर त्याच्या उद्गमस्थानाकडून क्ष-किरण, दृश्य प्रकाश व रेडिओ तरंग या रूपांत येत राहणाऱ्या आणि क्रमाने क्षीण होत जाणाऱ्या प्रारणास उत्तरदीप्ती म्हणतात. मूळ स्फोट सेकंदाच्या अंशापासून काही मिनिटांपर्यंत टिकतो. उत्तरदीप्ती मात्र दृश्य प्रकाशात काही दिवस वा आठवडे व रेडिओ तरंगांत कित्येक महिने आढळू शकते.

कारणमीमांसा : प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा कोसळल्याने किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाल्याने, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाणारे द्रव्याचे झोत बाहेर पडतात. ते सभोवतालच्या विरल वायूवर आदळून आघात तरंग निर्माण होतो. त्यात प्रवेगित झालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना प्रारण उत्सर्जित करतात. झोत मंदावत जातो तसतशी या प्रारणाची कंप्रता घटते.

अभिज्ञान : गॅमा किरण स्फोट १९६७ मध्ये व्हेला उपग्रहांनी प्रथम नोंदले, परंतु स्थान अचूक न कळल्याने ३० वर्षे त्यांचे अंतर अज्ञात राहिले. २८ फेब्रुवारी १९९७ रोजीच्या स्फोटाची क्ष-किरण उत्तरदीप्ती बेप्पोसॅक्स उपग्रहास आढळली व तीवरून दृश्य उत्तरदीप्तीही सापडली. त्याच वर्षी मे महिन्यातील स्फोटाच्या वर्णपटावरून हे स्फोट अतिदूरच्या दीर्घिकांत होतात, हे सिद्ध झाले. दृश्य उत्तरदीप्ती स्थूलमानाने काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या तासाअखेरची तेजस्विता दहाव्या तासास सुमारे एक दशांश उरते. त्यामुळे स्थाननिश्चिती त्वरित होणे आवश्यक असते.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाचे गुरुत्वीय तरंग व त्यानंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरण स्फोट नोंदला गेला. अमेरिकेतील दोन लायगो अभिज्ञातकांवरून उद्गमाचे क्षेत्र सुमारे १९० चौ. अंश ठरले, इटलीतील व्हर्गोच्या साहाय्याने ते २८ चौ. अंशांवर आले. सुमारे ११ तासांत सु. १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत उद्गम सापडला. हा प्रारंभीचा प्रकाश बाहेर फेकल्या गेलेल्या किरणोत्सर्गी द्रव्याचा होता. झोताची दिशा पृथ्वीकडे नसल्याने उत्तरदीप्ती क्ष-किरणांत ९, तर रेडिओ तरंगांत १६ दिवसांनी आढळली. ती सुमारे पाच महिने वाढून मग मावळू लागली. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील, ३० अँटेनांच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीनेही तिचे कमी कंप्रतेवर निरीक्षण केले.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाचे महत्त्व यावरून ध्यानी येते. ४ किमी. लांबीच्या दोन काटकोनी भुजांच्या या अभिज्ञातकास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. तो अन्य अभिज्ञातकांपासून फार दूर असल्याने, गुरुत्वीय तरंग पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून उद्गमाची दिशा अधिक अचूक ठरविता येईल आणि उत्तरदीप्ती विझण्यापूर्वी दुर्बिणी तिकडे वळविणे सुकर होईल.