चेंडूला न शिवणाऱ्यांची पारख

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या प्रत्येक फेकीचा हिशेब ठेवला जातो. त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या पाच धिप्पाड गड्यांच्या, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनच्या, नावावर मात्र जवळपास काहीच लागत नाही. मधला सेंटर चेंडू मागे देतो; बाकीचे चौघे त्याला सहसा हातही लावत नाहीत. समोरून येणाऱ्याला अडवणं हेच त्यांचं काम, आणि ते चोख झालं की कुणाच्या लक्षातही येत नाही. मग कॉलेजातल्या अशा पोरावर लाखो डॉलर लावायचे ते कशाच्या भरवशावर?

एनएफएल या व्यावसायिक लीगचे 32 संघ ड्राफ्टमध्ये, म्हणजे वार्षिक निवडीत, सात फेऱ्यांत कॉलेजचे खेळाडू निवडतात. त्याआधी इंडियानापोलिसला ‘कम्बाइन’ नावाची चाचणी असते. 40 यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, पळायचं. 225 पौंडांचा, म्हणजे 102 किलोंचा बार दम संपेपर्यंत उचलायचा. हातांची लांबी मोजून घ्यायची. आता दीडशे किलोंच्या माणसावर सामन्यात इतकं सरळ पळायची वेळ येते कधी? जाणकार म्हणूनच पहिल्या दहा यार्डांच्या वेळेला जास्त किंमत देतात.

2018 मध्ये ओक्लाहोमाचा लेफ्ट टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा गडी, ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर या चाचणीत सपशेल आपटला. 40 यार्डांना 5.85 सेकंद, बार जेमतेम 14 वेळा. पहिल्या फेरीत जाईल असं ज्याच्याबद्दल बोललं जात होतं, त्याला बाल्टिमोरने तिसऱ्या फेरीत, 83 व्या क्रमांकावर घेतलं. पण सहा फूट आठ इंचांच्या याच गड्याच्या आडोशाने खेळून क्वार्टरबॅक बेकर मेफिल्डने कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च सन्मान, 2017 ची हाइजमन ट्रॉफी, जिंकली होती. ते सामने संघांनी पाहिले नव्हते असं थोडंच आहे! पुढे ब्राउन चार वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंमध्ये, निवडला गेला. फेब्रुवारी 2023 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, तो कॅन्सस सिटीचा लेफ्ट टॅकल होता; त्या मोसमात 70 सॅक करणाऱ्या, म्हणजे फेकीआधीच क्वार्टरबॅकला 70 वेळा पाडणाऱ्या, फिलाडेल्फियाला त्या दिवशी एकही सॅक मिळाला नाही.

खरी पारख सामन्यांच्या चित्रफितींवर होते, आणि तिथे नजर आधी पायांकडे जाते. मागे सरकताना पाय एकमेकांत अडकतात का? कंबरेतून वाकला की गडी तोल गमावतो. गुडघ्यातून बसला तर धडक पचवतो. हायस्कूलमध्ये कुस्ती खेळलेला मुलगा स्काउटना, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांना, आवडतो तो यासाठीच. मग हात: समोरच्याच्या छातीवर आधी कोणाचे पोहोचतात? दोन बचावपटूंनी धावता धावता वाटा बदलल्या, तर आपला माणूस शेजाऱ्याकडे सोपवून नवा उचलायचं भान त्याला आहे का? हे कोणत्याही मोजपट्टीवर येत नाही.

चित्रफीतही फसवते, हेही खरं. कॉलेजचे बरेच संघ चेंडू झटपट फेकतात, त्यामुळे लाइनमनला फार वेळ तग धरावा लागत नाही. म्हणून स्काउट तिसऱ्या प्रयत्नातले (थर्ड डाउनचे) लांब पल्ल्याचे प्रसंग शोधून बघतात. तिथे फेकीला वेळ लागतो आणि अडवणाऱ्याचा कस लागतो.

नुसत्या शरीरावर भाळल्याची सर्वांत महागडी कहाणी 1989 ची. ग्रीन बेने दुसऱ्या क्रमांकावर मिशिगन स्टेटचा टॅकल टोनी मँडरिच घेतला. त्याच्यामागोमाग बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स गेले. तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले; मँडरिच मात्र चालला नाही. कॉलेजात स्टेरॉइड घेतल्याची कबुली मँडरिचने 2008 मध्ये दिली.

सध्याचा वाद हातांच्या लांबीचा आहे. टॅकलचे हात 33 इंचांहून आखूड असले तर त्याला आत, गार्डच्या जागी सरकवा, असा सल्ला हमखास मिळतो. नॉर्थवेस्टर्नच्या रशॉन स्लेटरचे हात जेमतेम 33 इंच होते; पण ओहायो स्टेटचा बचावपटू चेस यंग याला त्याने 2019 मध्ये कसं थोपवलं, हे सर्वांनी पाहिलं होतं. चार्जर्सने 2021 मध्ये तेराव्या क्रमांकावर त्याला घेऊन टॅकललाच ठेवलं आणि पहिल्याच वर्षी त्याची प्रो बोलसाठी निवड झाली. 2025 मध्ये एलएसयूच्या विल कॅम्पबेलचे हात कम्बाइनमध्ये 33 इंचांच्या आत भरले. तीन मोसम तो कॉलेजात लेफ्ट टॅकल खेळला होता. न्यू इंग्लंडने त्याला चौथ्या क्रमांकावर उचललं आणि त्याच जागी उभं केलं.