सगळ्यात भारी पैलवान कोण?

पालकहो, आपल्या बारामती-इंदापूर भागात जत्रेतला कुस्त्यांचा फड उठला, की पारावर वाद ठरलेलाच. नरसिंग यादव भारी का विजय चौधरी? दोघांनीही महाराष्ट्र केसरी सलग तीनदा मारली, नरसिंगनं 2011 ते 2013, विजयनं 2014 ते 2016. म्हणजे नुसत्या गदा मोजून भागत नाही. कुणी म्हणतं, नरसिंगकडं 2015 चं जागतिक कांस्य आहे. तेवढ्यात एखादे आजोबा विचारतात, "अन् खाशाबा?" खाशाबा जाधवांचं ऑलिम्पिक कांस्य 1952 चं, महाराष्ट्र केसरी सुरू झाली 1961 ला! मग तुलना करायची कशी? वर्गात मी आधी "कशात भारी?" असं विचारलं. फळ्यावर गदा, पदक, वजनगट, काळ असे रकाने पडले. भांडण मात्र मधल्या सुट्टीतही चालूच होतं.