मृदा-पोषण संशोधन अधिछात्रवृत्त्या

जमिनीतील पोषकद्रव्ये, पिकांना होणारी त्यांची उपलब्धता आणि खतांद्वारे होणारी त्यांची भरपाई या विषयांवर संशोधन करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांना ठराविक मुदतीसाठी देण्यात येणारे आर्थिक साहाय्य. यात सामान्यतः निर्वाहवेतन व प्रयोगांच्या खर्चासाठी वेगळी रक्कम यांचा समावेश होतो. शिष्यवृत्ती शिक्षणासाठी असते, तर अधिछात्रवृत्तीत धारकाने नवे ज्ञान मिळवावे अशी अपेक्षा असते. मृदाविज्ञानात मात्र ही सीमारेषा पुसट आहे. कारण पदव्युत्तर विद्यार्थ्याने शेतावर केलेला दोन हंगामांचा प्रयोगही पुष्कळदा त्या भागातील खतांच्या शिफारशीचा आधार ठरतो.

या विषयातील पद्धतशीर संशोधनाचा आरंभ खाजगी पैशातून झाला. इंग्लंडमधील जमीनदार जॉन बेनेट लॉझ (१८१४–१९००) याने १८४२ मध्ये सुपरफॉस्फेट खताचे एकस्व घेतले आणि पुढील वर्षी रॉथॅमस्टेड येथील आपल्या शेतावर जोसेफ हेन्‍री गिल्बर्ट (१८१७–१९०१) या तरुण रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक केली. गिल्बर्ट जर्मनीतील गीसेन येथे युस्टुस फोन लीबिक यांच्या हाताखाली शिकलेला होता. पिकाला लागणारा नायट्रोजन हवेतून पुरेसा मिळतो, खनिज द्रव्ये तेवढी पुरवावी लागतात, अशी लीबिक यांची त्या काळी धारणा होती. गुरूचे हे मत गव्हाच्या बाबतीत टिकत नाही, असे शिष्याच्याच प्रयोगांनी दाखविले. लॉझ–गिल्बर्ट यांचे सहकार्य ५७ वर्षे चालले. १८८९ मध्ये लॉझने एक लाख पौंडांचा न्यास स्थापून संशोधनाची आपल्या पश्चातही सोय केली. खतांचा कारखानदारच खतांविषयीच्या संशोधनाचा पोशिंदा असल्याने निष्कर्षांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका येणे स्वाभाविक आहे. पण काही वाफ्यांना कोणतेही खत न देता त्यांच्या नोंदी अखंड ठेवण्याची शिस्त येथे पाळली गेली व तीच त्या शंकेला उत्तर ठरली.

१९१९ मध्ये रॉथॅमस्टेडने रोनाल्ड एल्मर फिशर (१८९०–१९६२) या २९ वर्षांच्या गणितज्ञाला तात्पुरत्या नेमणुकीवर बोलावले. ब्रॉडबाल्क शेताच्या सुमारे ७५ वर्षांच्या नोंदींतून काही अर्थ निघतो काय, हे पाहण्याचे काम त्याच्याकडे होते. त्यातून प्रचरण विश्लेषण व प्रयोगांचा यादृच्छिक आराखडा या पद्धती विकसित झाल्या आणि त्या पुढे वैद्यकापासून उद्योगधंद्यांपर्यंत सर्वत्र रूढ झाल्या. एका अल्प मुदतीच्या नेमणुकीतून याहून मोठे फळ क्वचितच मिळाले असेल. परंतु ती नेमणूक फळास आली ती तिच्यामागे पाऊण शतकाच्या नोंदी होत्या म्हणून, ही गोष्ट अशा योजना आखताना सहसा लक्षात घेतली जात नाही.

या क्षेत्रातील मुख्य अडचणही हीच आहे. अधिछात्रवृत्तीची मुदत दोन ते पाच वर्षांची असते. जमिनीतील सेंद्रिय कार्बन, आम्लता किंवा पोटॅशियमचा साठा यांत होणारे बदल मात्र दशकांच्या गतीने होतात. भारतात दीर्घकालीन खत प्रयोगांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९७० मध्ये ११ केंद्रांवर सुरू झाला. पुढे महाराष्ट्रातील अकोला व परभणी या केंद्रांचाही त्यात समावेश झाला. रांची व पालमपूर येथील आम्लधर्मी जमिनींत सातत्याने केवळ नायट्रोजनयुक्त खत दिलेल्या वाफ्यांचे उत्पादन पार ढासळले. ज्या वाफ्यांना संतुलित खतांबरोबर चुना किंवा शेणखत मिळाले, त्यांचे टिकून राहिले. आरंभीच्या काही हंगामांवरून हा निष्कर्ष निघाला नसता. त्या अवधीत पीएच्.डी. मिळविणाऱ्या विद्यार्थ्याने कदाचित युरियाची शिफारसच केली असती. म्हणून अधिछात्राला स्वतंत्र नवा प्रयोग देण्यापेक्षा अशा चालू प्रयोगाच्या एखाद्या अंगाचा अभ्यास सोपविणे अधिक फलदायी ठरते. भोपाळ येथील भारतीय मृदाविज्ञान संस्था (स्थापना १९८८) या प्रकल्पाचा समन्वय करते.

भारतात अशा साहाय्याचा प्रमुख स्रोत म्हणजे १९२९ मध्ये स्थापन झालेली भारतीय कृषी अनुसंधान परिषद. पूर्वी तिची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती पदव्युत्तर पदवीसाठी व वरिष्ठ अधिछात्रवृत्ती पीएच्.डी.साठी असे, निवड अखिल भारतीय परीक्षेद्वारे होते. विद्यापीठ अनुदान मंडळ व वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद यांच्या अधिछात्रवृत्त्या अधिक व्यापक असून १ जानेवारी २०२३ पासून त्यांची रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ३७,००० व नंतर ४२,००० रुपये करण्यात आली.

विषयांच्या चौकटी फार काटेकोर ठेवल्यास काय गमवावे लागते, हे एका उदाहरणावरून दिसते. तराई भागात भातावर पडणारा ‘खैरा’ हा रोग सूक्ष्मजंतूंमुळे होत नसून जस्ताच्या न्यूनतेमुळे होतो, हे १९६६ मध्ये पंतनगर येथील यशवंत लक्ष्मण नेने (१९३६–२०१८) यांनी सिद्ध केले. त्या वेळी त्यांनी तिशीही पुरती ओलांडलेली नव्हती आणि ते मृदाशास्त्रज्ञ नसून वनस्पतिरोगवैज्ञानिक होते. जस्त सल्फेट व चुना यांची फवारणी हा त्यावरील स्वस्त उपाय ठरला. सूक्ष्म पोषकद्रव्यांची अखिल भारतीय समन्वित योजना १९६७ मध्ये सुरू झाली.

या संशोधनाची निकड आज सर्वांत तीव्र आहे ती सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत. ३७ देशांतील सुमारे २० कोटी हेक्टर लागवडीखालील जमिनीतून तीस वर्षांत दर हेक्टरी सरासरी ६६० किग्रॅ. नायट्रोजन, ७५ किग्रॅ. फॉस्फरस व ४५० किग्रॅ. पोटॅशियम यांचा ऱ्हास झाला, असा अंदाज पेद्रो सांचेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडला. २००६ च्या अबुजा घोषणेत खतांचा वापर हेक्टरी ८ किग्रॅ.वरून २०१५ पर्यंत ५० किग्रॅ.वर नेण्याचे उद्दिष्ट ठरले. परंतु कोणत्या जमिनीला कोणते खत, हे सांगणारी स्थानिक माणसे नसतील, तर असे उद्दिष्ट कागदावरच राहते. रॉकफेलर प्रतिष्ठानने १९९२ पासून केन्या, युगांडा, मालावी, झिंबाब्वे व मोझँबीक येथील विद्यापीठांना अनुदाने दिली ती याच हेतूने. परदेशी पाठविण्याऐवजी विद्यार्थ्याने आपल्याच देशातील शेतकऱ्यांच्या शेतांवर प्रबंधाचे काम करावे, असे तिचे धोरण होते. २००४ मध्ये या योजनेचे रूपांतर विद्यापीठांच्या स्वायत्त संघात झाले. स्त्री-शास्त्रज्ञांसाठी नैरोबी येथून २००८ मध्ये वेगळी अधिछात्रवृत्ती सुरू झाली. आफ्रिकेतील शेतीत स्त्रियांच्या श्रमाचा वाटा मोठा असूनही संशोधनात त्या थोड्याच होत्या.

खत उद्योगाच्या साहाय्यावर चालणाऱ्या योजना हा वेगळा वर्ग होय. आंतरराष्ट्रीय वनस्पति-पोषण संस्था (२००७–१९) ही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रत्येकी २,००० डॉलरचा पुरस्कार देत असे. ती बंद झाल्यावर मोरोक्कोत बेंगेरीर येथे याच विषयाची आफ्रिकी संस्था स्थापन झाली. रक्कम लहान असली, तरी मृदा-नमुन्यांच्या पृथक्करणाचा खर्च भागविण्यास ती उपयोगी पडते. अशा योजनांत विषयाची निवड कोणाच्या हाती आहे, खताची मात्रा कमी करता येते असा निष्कर्ष निघाल्यास तो प्रसिद्ध होतो काय आणि खत न दिलेला तुलनेचा वाफा आराखड्यात आहे काय, या तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे योजनेचे खरे स्वरूप ध्यानात येते.