कडबाकुट्टीची केबल आणि जाळी



ऊसतोड सुरू झाली की वाढ्यांसाठी घरोघरची कडबाकुट्टी फिरू लागते. केबल उंदरांनी कुरतडलेली, तिच्यावर चिकटपट्टी. पट्ट्यावरची जाळी कधीच काढून ठेवलेली. वाढे ओले, यंत्र लोखंडी. करंट उतरायला आणखी काय हवे?

चिकटपट्टीवर भागवू नका. 2 अश्वशक्तीच्या सिंगल फेज मोटरीला 2.5 चौरस मिलिमीटरची तीनतारी तांब्याची केबल अखंड घाला; मधे जोड नको. हिरवी तार यंत्राच्या सांगाड्याला व अर्थिंगला जोडून घ्या. काम वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून. वीज गेली म्हणून यंत्रात हात घालू नये. ती केव्हाही येते.

पट्ट्यावर जाळी आणि पात्याच्या चाकावर झाकण नटबोल्टने पक्के बसवा. केबल नवी मिळते, बोटे मिळत नाहीत.