मांडव आपला वाटावा

लग्नघरी मांडव पडतो. तो कसा सजवावा?

दारी केळीचे खांब लावतात. आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात. केळ फळते, आंबा फळतो. नवा संसारही तसाच फळावा, ही त्यामागची इच्छा.

पालघर भागातल्या वारली घरांत लग्नाला भिंतीवर चौक काढतात. भिंत गेरूने सारवायची. वर तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी चौक लिहायचा. मधोमध पालघट देवी. चौकाशिवाय लग्न नाही, अशी जुनी रीत.

आमच्या शेजारी मुलीचे लग्न निघाले. भाड्याच्या कमानीसाठी बाप कर्ज काढायला निघाला. आजी म्हणाली, "अरे, माझी गोधडी टांग की!"

तशी टांगली. तिच्यात आजोबांच्या धोतराचा तुकडा होता. मुलीचे झबले होते. आईचे जुने लुगडे होते. सासरची माणसे गोधडीपाशी थांबली. आजीने एकेक तुकडा दाखवून सांगितला. विहीणबाईंनी झबल्यावरून हात फिरवला. कर्जही टळले बरे का!

तुमच्या घरी कार्य निघाले, तर भाड्याचे सामान मागून पाहा. आधी घरातल्या म्हातारीला विचारा.